गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागते. तक्रार एकच, ‘एसी गार करत नाही.’ उत्तरही ठरलेलं, ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ गॅस भरला जातो, गार हवा येते, मालक खूश होऊन निघतो आणि पुढच्या उन्हाळ्यात, कधीकधी तर दिवाळीच्या आतच, पुन्हा त्याच दारात उभा राहतो.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तो गोल फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना तो गाडीतली उष्णता शोषून घेतो. रबरी पाइपांतून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, पण एका वर्षात एसी बंद पडावा इतका नाही. तेव्हा दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर गाडीला भोक आहे. हिमोग्लोबिन सहावर आलेल्या माणसाला रक्ताची पिशवी लावायची आणि रक्त जातंय कुठून हे न बघता घरी पाठवायचं, तसाच हा उपचार.

गळतीच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात: खडे लागून पिचलेला कंडेन्सर, सांध्यांतल्या वाळलेल्या ओ-रिंग, कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील, गॅस भरायच्या तोंडाचा वॉल्व्ह आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे कूलिंग कॉइल, कारण ती बघायला डॅशबोर्ड उघडावा लागतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असल्याने गळतीपाशी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. चांगला मेकॅनिक आधी तो डाग शोधतो. (एसी चालू असताना गाडीखाली ठिबकतं ते पाणी मात्र गळती नव्हे. ती हवेतली वाफ.)

डाग सापडला नाही, तर नळ्यांत नायट्रोजन दाबून भरतात आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतात. फुगे आले की जागा सापडली. नायट्रोजन नाही म्हणून कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला निघाला, तर त्याला थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

बारीक गळतीसाठी रंग वापरतात, आणि ती पद्धत मला फार आवडते, कारण ती आमचीच आहे. डोळ्यात कचरा जाऊन बुबुळाला ओरखडा गेला की फ्लुरोसीनचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहतात. ओरखडा हिरवा चमकतो. एसीतही तसाच चमकणारा रंग सोडतात, काही दिवस गाडी चालवतात आणि मग अतिनील दिवा फिरवतात.

जागा सापडली की तो भाग बदलायचा. ओ-रिंग असेल तर खर्च किरकोळ, कॉइल असेल तर मोठा. गळती आतून बुजवणारं रसायन भरण्याच्या फंदात मात्र पडू नये. बारीक नळ्या त्यानेच तुंबू शकतात. नंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवून हवा आणि ओल काढावी लागते. ओल राहिली तर ती आतल्या आत आम्ल बनवून धातू खाते. पंप बंद केल्यावर काटा वर सरकला, तर गळती अजून आहे. मग गॅस भरायचा तो वजनावर, कंपनीने सांगितला तेवढाच.

या कामात हात पोळतात ते गॅरेजमधल्या पोरांचे. सध्याच्या बऱ्याच गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव बोटावर उडाला की कातडी गोठते. अशा वेळी चोळू नये, कोमट पाण्यात हात धरावा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. चष्मा आणि हातमोजे स्वस्त पडतात. गॅस सुटलेला असताना जवळ वेल्डिंग करू नये. ज्वाळेत त्याचं विघटन होऊन फुफ्फुसं जाळणारं हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं.

हवेत सोडलेला गॅसही फुकट जात नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. एका गाडीतला अर्धा किलो गॅस गळाला, तर ते साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं आहे. हे दरवर्षी.

‘गाडीत एसीचा गॅस गळून झोपेत मृत्यू’ अशी बातमी वाचून लोक घाबरतात. कॉइलमधून झिरपणारा थोडासा आर-१३४ए इतका घातक नसतो. दम्याच्या अनेक इन्हेलरमध्ये औषध बाहेर फेकायला हाच वायू वापरतात. बंद गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपलेल्यांचा जीव बहुधा घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो सायलेन्सरच्या फुटक्या पाइपातून किंवा बंदिस्त जागेत साचलेल्या धुरातून आत येतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. गाडी एसीसाठी गॅरेजात लावलीच आहे, तर तो पाइपही खालून बघून घ्यायला सांगा.