मुळ्ळिवाय्क्कालची कांजी

भल्या मोठ्या पातेल्यात तांदूळ, पाणी आणि मीठ. बाकी काही नाही. एक मुलगी करवंटीत पळीभर कांजी ओतते आणि दोन्ही हातांनी पुढे करते. आपल्याकडे आजाऱ्याला देतात तशी पेज, पण त्याहून पातळ. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या युद्धात इथं अडकलेल्या तमिळ माणसांना शेवटी शेवटी एवढंच मिळत होतं, म्हणून दर 18 मे रोजी हीच वाटतात.

पूर्वेला समुद्र, पश्चिमेला नंदिकडलची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. सरकारनं हिला गोळीबारमुक्त क्षेत्र म्हटलं, लोकांना इथं यायला सांगितलं आणि तोफा इथेच डागल्या. सरकारशी लढणाऱ्या तमिळ वाघांनीही (एलटीटीई) माणसांना निसटू दिलं नाही. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं 2011 मध्ये म्हटलं. सरकारनं ते कधीच मानलं नाही.

मी मुंबईहून आलोय हे कळल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे रोखून बघतात. ‘तुमची फौजही आली होती,’ एवढंच म्हणतात. 1987 ते 1990, भारतीय शांतिसेना. जवळपास बाराशे भारतीय जवान या मोहिमेत पडले. परमवीरचक्र मिळालेले मेजर परमेश्वरन आपल्या महार रेजिमेंटचे. पण इथल्या घराघरांत शांतिसेनेची जी आठवण आहे, तिच्यात जाफन्याच्या इस्पितळात मारले गेलेले रुग्ण आणि डॉक्टर आहेत. मी मान खाली घालून ऐकतो.

साडेदहाच्या सुमारास मुख्य ज्योत पेटते. मग वाळूत रोवलेल्या मशाली, एकेका घराची एकेक. माझ्याशेजारी बसलेल्या अम्मांच्या मांडीवर मुलाचा लॅमिनेट केलेला फोटो आहे. घामाचा थेंब पडला की त्या पदरानं तो पुसतात. पण मशाल लावत नाहीत. मेलेल्यांसाठी लावतात ती, आणि मुलगा मेला हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. 2009 मध्ये वट्टुवाकलच्या पुलापलीकडे सैन्य लाउडस्पीकरवरून सांगत होतं, वाघांबरोबर एक दिवस जरी राहिला असाल तरी नाव नोंदवा, चौकशी करून सोडून देऊ. अम्मांनी स्वतः त्याला हाताला धरून नेलं, बसमध्ये बसवलं. त्यानंतर आयोग झाले, बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय निघालं, 2022 मध्ये कुटुंबांना एक लाख रुपये देऊ केले गेले. त्यांनी घेतले नाहीत. त्यांना ती नोंदवलेल्या नावांची यादी हवी आहे.

त्यांच्या पलीकडे साठीच्या एक सिंहली बाई बसल्यात, दक्षिणेतल्या मातराहून रात्रभर प्रवास करून आलेल्या. त्यांच्या हातातही फोटो आहे, भावाचा. 1989 मध्ये जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचं बंड मोडताना सैन्यानं उचलून नेलेला. दक्षिणेतली हजारो सिंहली पोरं अशीच गेली. त्यांच्या आयांचे अर्ज आणि फोटो घेऊन 1990 मध्ये जिनिव्हाला निघालेल्या एका खासदाराची विमानतळावर झडती झाली होती. तो खासदार म्हणजे महिंदा राजपक्षे. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष तेच होते. या देशाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची वेळ आली, तर मी ही सांगेन.

दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मुल्लैतीवूचा एक तरुण शिक्षक मधे बसून दोन्हीकडचं सांगतोय, मला इंग्रजीत. अचानक तो थांबतो आणि त्या बाईंना सिंहलीत काहीतरी विचारतो. आवाज चढलेला असतो. मग मला म्हणतो, ‘मी विचारलं, आम्ही इथं मरत होतो तेव्हा तुम्ही रस्त्यात किरीबात वाटत होता ना?’ किरीबात म्हणजे नारळाच्या दुधातला भात, शुभप्रसंगी करायचा. युद्ध जिंकल्यावर दक्षिणेत तो चौकाचौकांत वाटला गेला होता.

बाई नजर चुकवत नाहीत. ‘वाटला. मीही वाटला. भाचा सैन्यात होता. आता तो जिवंत परत येणार, एवढंच डोक्यात होतं. इथं काय चाललंय ते आम्हाला कुणी दाखवलं नाही.’ जरा थांबून म्हणतात, ‘आम्ही विचारलंही नाही.’

शिक्षकाचं समाधान झालेलं नाही. का व्हावं? त्याचे आईवडील याच वाळूत आहेत. एका बाईच्या कबुलीनं ते ओझं हलकं होत नाही, आणि समेटाची भाषणं करणारे नेहमी त्याच्यासारख्यालाच आधी गप्प बसायला सांगतात. तरीही तिचं बोलणं तो शब्दही न गाळता अम्मांना सांगतो.

अम्मा विचारतात, ‘भाचा आला का घरी?’

‘आला.’

अम्मा फोटो पिशवीत ठेवतात, छत्री काढतात आणि शिक्षकाला म्हणतात, ‘हिला विचार, चालवेल का? पूल दाखवते. बस कुठे उभी होती तेही दाखवते. आम्ही सांगून सांगून थकलो. आता हिनं हिच्या गावात, हिच्या भाषेत सांगावं.’