दोन शॉकअपची सायकल

दहावीचा निकाल लागला की सायकलच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. मुलाचे डोळे लागलेले असतात जाडजूड टायरच्या, पुढे एक आणि सीटखाली एक असे दोन शॉकअप बसवलेल्या सायकलीवर, आणि वडील विचारत असतात, "ही टिकेल ना हो?" घर ते कॉलेज रोजचे सहा-सात किलोमीटर, वाटेत गतिरोधक, एखादा चढ आणि डोक्यावर पाऊस. सायकल अंगवळणी पडली तर दोन वर्षांचे रिक्षाचे पैसे वाचतात. नाही पडली तर ती दिवाळीपर्यंत जिन्याखाली जाते आणि मुलगा स्कूटर मागू लागतो.

डोंगरावरची सायकल म्हटली की शॉकअप आलेच, असा आपला समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यातल्या माउंट तमाल्पाइस डोंगरावरून काही तरुण जुन्या, जड सायकली खाली पिटाळत असत. त्यातून ही जात जन्माला आली. त्या सायकलींना शॉकअप नव्हतेच; होते ते फक्त जाड टायर. रॉकशॉक्स ही पुढच्या शॉकअपसाठी प्रसिद्ध झालेली कंपनी निघाली १९८९ साली. मागचा शॉकअप सर्रास दिसू लागला तो त्याही नंतर. खरे तर सायकलचा साधा धक्काशोषक म्हणजे हवेचा टायर. जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने तो आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केला आणि १८८८मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो आजही सगळ्यात स्वस्त आणि बिनतक्रार काम करतो.

आता शॉकअपचे काम पाहू. त्यात दोन भाग हवेत. एक स्प्रिंग, जी धक्का पोटात घेते. पण घेतलेला धक्का ती तसाच परतही करते. म्हणून दुसरा भाग लागतो तेलाचा. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते, धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरते आणि सायकल सावकाश मूळ जागी येते. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये हेच असते. स्वस्त सायकलींत मात्र बहुधा नुसती स्प्रिंग असते, तेलाचा पत्ता नसतो. दुकानातच परीक्षा घेता येते. सीटवर दोन्ही हातांनी भार देऊन एकदम सोडा. सीट चेंडूसारखी उसळली तर समजावे, खड्ड्यात बसलेला धक्का खड्डा संपल्यावर पाठीला मिळणार.

दुसरी गोष्ट दिसत नाही, पण पायांना कळते. चढावर उभे राहून पायडल मारले की मागचा शॉकअप दबतो, सुटतो, दबतो. आपण ढकलतो पुढे, आणि त्यातले थोडे बळ खाली-वर होण्यात जाते. चांगल्या शॉकअपला हे थांबवणारी कळ असते. त्यात वजनाची भर. स्वस्त दोन-शॉकअपी सायकल १८ ते २० किलोंपर्यंत जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती एकदा उचलून पाहावी आणि मग पैसे मोजावेत.

माझे मत विचाराल तर रोजच्या डांबरी रस्त्यासाठी, बेताच्या पैशांत, मागचा शॉकअप घेऊ नये. त्याच पैशांत साधी ताठ फ्रेम, चांगले ब्रेक आणि दोन इंच रुंदीचे, कमी खाचांचे टायर मिळतात. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की गतिरोधक निम्मे सुसह्य होतात. पाठ दुखते म्हणून शॉकअप शोधणाऱ्यांनी आधी सीटची उंची आणि फ्रेमचे माप तपासावे. दुखण्याचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. ज्यांचा रोजचा रस्ताच मुरुमाचा आहे, किंवा जे रविवारी टेकड्यांवरच्या पायवाटांवर सायकल घालतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ही सायकल खरोखर सुख देते. मात्र तेल आणि हवेचा चांगला शॉकअप असलेली सायकल लाखाच्या पुढे जाते, हे घरात आधी सांगून ठेवावे.

सायकल आलीच असेल तर ती आपल्या वजनाला जुळवून घ्यावी. नेहमीचे दप्तर पाठीवर घेऊन बसल्यावर मागचा शॉकअप आपल्या पूर्ण चालीच्या पाव ते तीस टक्के दबला पाहिजे. चाल ५० मिलिमीटर असेल तर साधारण १२ ते १५ मिलिमीटर. अजिबात दबत नसेल तर तो नुसता शोभेचा. हवेच्या शॉकअपला त्याचाच छोटा, काटा असलेला पंप लागतो. पेट्रोल पंपावरची हवा भरू नये. स्प्रिंगच्या शॉकअपवरची चकती फिरवून स्प्रिंग कडक होते असे सांगतात, ते खरे नाही. चकतीने फक्त सुरुवातीचा ताण बदलतो. वजनदार माणसाला स्प्रिंगच बदलावी लागते.

सामानाची अडचण मोठी. मागचे चाक हलते असल्याने नेहमीचे कॅरिअर बसत नाही. सीटच्या दांड्याला आवळायचे कॅरिअर मिळते, पण त्यावर डबा आणि रेनकोट एवढेच ठेवावे. डबलसीट तर विसराच. मडगार्ड लावताना सीटवर जोरात बसून पाहावे, चाक वर येऊन त्याला घासते का ते कळते.

पावसाळ्यात खरी कसोटी लागते. मागचा भाग ज्या खिळींवर हलतो, तिथे चिखल आणि वाळू शिरते. आठवड्यातून एकदा पुढच्या शॉकअपचे चकचकीत दांडे मऊ फडक्याने पुसावेत. गाड्या धुतात तसा जोराच्या पाण्याचा फवारा खिळींवर मारू नये. रॉकेलने धुऊही नये, आतले ग्रीस निघून जाते. महिन्यातून एकदा एका हाताने सीट आणि दुसऱ्याने मागचे चाक धरून आडवे हलवावे. कट्‌कट् लागली तर बुश झिजले आहेत. असे महिनोन्‌महिने चालवले तर फ्रेममधले भोकच मोठे होते, आणि मग बुश बदलूनही भागत नाही.

शॉकअप मोडला की सुटा भाग शोधण्यात आठवडे जातात, कारण मापे सारखी नसतात. म्हणून सायकल नवी असतानाच त्याची लांबी, एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजून, आणि स्प्रिंगवर छापलेला आकडा, बिलाच्या मागे लिहून ठेवावा.