मोडी कागदांतून घराण्याचा माग : तात्यापाऱ्यातून मूळ गावाकडे

रायपूर : रशियन साम्राज्य सोडून अमेरिकेत गेलेल्या एखाद्या ज्यू कुटुंबातील वंशज आज पणजोबांचा शोध घेऊ लागला, तर त्याच्या हाती प्रथम लागते ती जहाजाची प्रवासी यादी. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत पोहोचले. त्यांची नावे, वये, शेवटचे वास्तव्य आणि जायचे ठिकाण या याद्यांत नोंदले जाई. १९०७ पासून तर मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचे नावही लिहून घेत.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील जुन्या मराठी कुटुंबांना ही सोय नाही. त्यांचे पूर्वज कोणत्याही बंदरावर उतरले नाहीत. अनेक जण भोसल्यांच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात आले आणि वाटेत नाव विचारणारे कोणी नव्हते. वस्तीच्या नावातच मात्र दोन भाषा शेजारी नांदतात : ‘तात्या’ हे मराठी संबोधन, तर ‘पारा’ हा वस्तीसाठीचा छत्तीसगढी शब्द.

हे स्थलांतर एकदाच घडले नाही. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजेने रतनपूर घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथून कारभार पाहू लागले आणि दप्तरात मोडी लिपी आली. १८१८ मध्ये ब्रिटिश अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पुढे मध्य प्रांत स्थापन झाला, १८८० च्या दशकात रेल्वे पोहोचली आणि कारकून, शिक्षक, वकील येत राहिले. प्रत्येक घराण्याला आपण भोसल्यांबरोबर आलो असे सांगायला आवडते. कागद पाहिले, तर काहींचे पूर्वज रेल्वेने आलेले निघतात.

म्हणून शोधाची सुरुवात ऐकीव हकिकतीपेक्षा घरातील ट्रंकेपासून करावी. त्यातील सनदा, खतपत्रे आणि पत्रे बहुधा मोडीत असतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. त्यामुळे नुसती अक्षरओळख पुरत नाही. कालगणना ही दुसरी अडचण. ‘तिसा खमसैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११५९. त्यात ५९९ मिळवले, की इसवी सन १७५८ येते. वर्ष मृगाला सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या नोंदीसाठी ६०० मिळवावे लागतात. फसली सनाचे गणित वेगळे असते आणि तेथे प्रांताप्रमाणे ५९० ते ५९३ मिळवतात. सन ओळखण्यात चूक झाली, तर पूर्वज दहा वर्षे आधीच छत्तीसगढात येऊन बसतो.

घरात कागद नसतील, तर काशी, गया, प्रयाग किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेला आलेला माणूस तेथे स्वतःचे, वडील-आजोबांचे आणि गावाचे नाव लिहीत असे. छापील कुलवृत्तांत, कुलदैवताचे स्थान आणि नागपूरचे विदर्भ अभिलेखागार ही पुढची ठिकाणे. नाव शोधताना लेखनातील फरक लक्षात ठेवावेत. हिंदी दप्तरात ‘ळ’ नसल्याने ‘काळे’ हे ‘काले’ होतात आणि ‘केळकर’ हे ‘केलकर’.

हा केवळ हौसेचा मामला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. घर न हलवता ही कुटुंबे परप्रांतीय ठरली. छत्तीसगढात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९८४ पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत आजोबा-पणजोबांचे नाव शोधले जाते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची टंचाई सर्वांनाच जाणवली. रायपुरात असे वाचक त्याहून दुर्मीळ आहेत.

शारदा चौक ते तात्यापारा रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय अनेक वर्षे चर्चेत आहे. जुनी घरे पाडताना वा रिकामी करताना सर्वांत आधी रद्दीत जातात ते न वाचता येणारे कागद. ते देण्यापूर्वी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. मोडी पत्रांत पाठीमागचा छोटा शेराच अनेकदा गाव आणि तारीख सांगतो.