जुना हात, वाकडी अल्ना

कर्नाटकातल्या निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव बरंच लांब. तरी मुलाचा जुना मोडका हात घेऊन माणसं बेळगाव गाठतात. नातेवाईक कुठे आहेत, आरोग्य योजनेचं कार्ड कुठे चालतं, असा सगळा हिशेब त्यामागे असतो. 2023 साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकाने हरकत घेतली. या वादात मुलाचं हाड वाढायचं थांबत नाही.

मी पाहिलेला मुलगा आठेक वर्षांचा. दीड वर्षापूर्वी चिंचेवरून पडला. गावात कामट्या बांधल्या, लेप लावला. सूज उतरली, दुखणं गेलं. ‘‘दुखत न्हाई डाक्टर, पण घास तोंडापतोर जाईना,’’ आई म्हणाली. तिच्या पिशवीत जुना एक्सरे होता. त्यात मनगट होतं, हात होता, कोपर मात्र काठावर अर्धंच उमटलेलं.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना. डॉक्टरांनी नव्या फिल्मवर पेन्सिलने रेडियसच्या मधोमध रेघ ओढली. ही रेघ दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावरल्या गोल उंचवट्याच्या मध्यातून जायला हवी, हात कसाही धरून एक्सरे काढला तरी. इथे ती वरूनच निघून गेली. रेडियसचं डोकं पुढे निसटलेलं होतं. मिलानच्या मोन्तेज्जिया या शल्यविशारदाने या दुखापतीचं वर्णन 1814 साली केलं, एक्सरे निघायच्या ऐंशीएक वर्षं आधी. आज एक्सरे असून ती नजरेतून सुटते याचं एक कारण असं, की मुलांची अल्ना कधीकधी तुटतच नाही, नुसती वाकते. फिल्मवर तडा दिसत नाही आणि सगळे निर्धास्त होतात.

निसटलेलं डोकं दाबून जागेवर बसवायचं, एवढंच काम असेल अशी माझी समजूत होती. ऑपरेशन थिएटरमध्ये वेळ गेला तो अल्नावर. दोन्ही हाडं एकमेकांना बांधलेली. अल्ना वाकलेलीच राहिली तर रेडियस बसवलं तरी पुन्हा निसटणार. दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवला. सांध्यात साचलेला चिवट पांढरा जाड पापुद्रा काढला. मग कोपराच्या थोडं खाली अल्ना कापली आणि आधीच्या वाकाच्या उलट दिशेला, मुद्दाम थोडी जास्तच वाकवली. सी-आर्म या चालू ऑपरेशनमध्ये एक्सरे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेडियसचं डोकं सरकत सरकत जागेवर आलं. ओढलं कुणीच नव्हतं. तळहात वर, तळहात खाली, कोपर दुमडून, सरळ करून पुन्हा पुन्हा पाहिलं. ते हललं नाही, तेव्हाच प्लेट वाकवून स्क्रू बसले.

डोक्याला धरून ठेवणारा गोल बंध दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूच्या पट्टीतून नव्याने करायची बेल टॉज यांची पद्धत 1965 पासून आहे. डोकं स्थिर असेल तर ती लागतेच असं नाही, असं आज बरेच डॉक्टर मानतात. मला हा संयम आवडला.

शुद्धीवर आल्यावर मुलाला पहिलं काम सांगितलं, अंगठा वर करायचं. रेडियसच्या मानेला खेटून जाणारी नस शाबूत आहे का, ते त्यावरून कळतं. त्याने केला, थोडा चिडूनच.

उशीर फार झाला की रेडियसच्या डोक्यावरची खोलगट वाटी भरून निघते, डोकं घुमटासारखं होतं आणि जागेवर आणलं तरी टिकत नाही. बाराच्या आतलं वय आणि दुखापतीला तीन वर्षं व्हायच्या आतली शस्त्रक्रिया, यात निकाल चांगले मिळतात असं अनुभव सांगतो.

तेव्हा मूल पडलं आणि हात सुजला, तर एक्सरेत मनगट आणि कोपर दोन्ही पूर्ण आलेत का हे विचारून घ्या. प्लास्टर काढल्यावर हात वळत नसेल तर तेल लावून चोळू नका, जोराने ओढू नका. तसं केल्याने कोपराभोवती नको तिथे हाड धरतं. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.