दहाव्या खंडात काळ थांबला

अमेरिकी लेखक रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही अद्भुतरम्य कादंबरीमाला १९९० मध्ये सुरू झाली. नवव्या खंडाच्या शेवटी नायक रँड पुरुषांच्या जादूला लागलेलं विष धुऊन काढतो. पुढं काय? वाचक दोन वर्षं खोळंबले. २००३ मध्ये दहावा खंड आला, आणि कथा जागची हलेचना! विष धुतलं जात असताना इतर मंडळी कुठं होती, हेच पानोपानी. रँड जेमतेम भेटतो. चहा मात्र भरपूर! हा लेखकाचा आळस नव्हे. पात्रांचा पसाराच एवढा वाढला होता, की एकाला पुढं न्यायचं तर बाकीच्यांना त्याच दिवसापर्यंत ओढत आणावं लागे. २००५ च्या अकराव्या खंडात गाडी पुन्हा धावू लागली. पण २००७ मध्ये जॉर्डन गेले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी आणखी तीन खंड लिहिले, तेव्हा कुठं २०१३ मध्ये वाचकांना शेवट कळला.