विश्लेषण : वजनपेटी नसली तरी विज्ञानाचे प्रयोग कसे करता येतील?

स्प्रिंग किती लांबते, तरफ कधी समतोल साधते, गोळा जड केला तर लंबकाचा दोलनकाल बदलतो का, हे दाखवायला छोटी वजने लागतात. पण अनेक शाळांत वजनपेटी एकच असते, त्यातली काही वजने हरवलेली असतात आणि उरलेली कपाटात कुलूपबंद. मग प्रयोग फळ्यावरच्या आकृतीतच उरकला जातो. प्रत्यक्षात अशी वजने हार्डवेअर, सायकल आणि औषधांच्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळतात.

प्रत्येक प्रयोगाला अचूक ग्रॅम लागतात का?

नाही, आणि खर्च वाचतो तो इथेच. हूकच्या नियमात भार दुप्पट केला की स्प्रिंगच्या लांबीतील वाढही दुप्पट होते, एवढेच दाखवायचे असते. त्यासाठी वजने एकसारखी असली की झाले. वॉशर 5 ग्रॅमचा आहे की 5.3 ग्रॅमचा, याने निष्कर्ष बदलत नाही. मधोमध टेकवलेल्या पट्टीवर 10 सेंटिमीटरवरचे 4 नट दुसऱ्या बाजूच्या 20 सेंटिमीटरवरच्या 2 नटांना तोलून धरतात. स्प्रिंगचा स्थिरांक काढायचा असेल, तेव्हा मात्र ग्रॅम माहीत हवेत. 100 ग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे 0.98 न्यूटन भरते.

कोणत्या वस्तू उपयोगी पडतात?

एकाच खोक्यातले, एकाच मापाचे नट किंवा वॉशर सर्वांत सोयीचे. भोक असल्याने ते दोऱ्याला किंवा तारेच्या आकड्याला अडकवता येतात. सायकलचा पाव इंची पोलादी छर्रा जवळपास 1 ग्रॅमचा, नेमके सांगायचे तर सुमारे 1.05 ग्रॅमचा असतो. पाणी तर फुकटच. 1 मिलिलिटर पाणी म्हणजे जवळपास 1 ग्रॅम, त्यामुळे बिनसुईच्या 10 मिलिलिटर सिरिंजने हवे तितके ग्रॅम मोजून घेता येतात. त्यासाठी दोन्ही पारड्यांत सारखीच रिकामी डबी ठेवावी आणि एकीतच पाणी भरावे.

1 ग्रॅमपेक्षा कमी वजन कसे करायचे?

कागदातून. पाकिटावर 80 जीएसएम लिहिले असेल, तर त्या कागदाचा 1 चौरस मीटर 80 ग्रॅमचा असतो. म्हणजे अख्खा ए-4 कागद 5 ग्रॅम, 10 बाय 12.5 सेंटिमीटरचा तुकडा 1 ग्रॅम आणि 1 बाय 12.5 सेंटिमीटरची पट्टी 100 मिलिग्रॅम. पावसाळ्यात कागद ओल धरतो, म्हणून या पट्ट्या बंद डबीत ठेवाव्यात.

नाणी चालतील का?

चालतील, पण वेगवेगळ्या मालिकांची नाणी एकत्र करू नयेत. 2011 च्या मालिकेतील 5 रुपयांचे नाणे 6 ग्रॅमचे आहे, तर 2019 च्या मालिकेतील 6.74 ग्रॅमचे. आकडा लावण्यासाठी नाण्याला भोक पाडू नये. नाणी नष्ट करण्यास 2011 च्या नाणेविषयक कायद्याने मनाई आहे. त्याऐवजी ती छोट्या पिशवीत घालून टांगावीत.

वजन तपासायचे कसे?

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा साधारण 1 ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे एकच वॉशर मोजून उपयोग नाही. 50 वॉशर एकत्र मोजून 50 ने भागावे. समजा 115 ग्रॅम भरले, तर एक वॉशर सरासरी 2.3 ग्रॅमचा. दोन वजने सारखी आहेत का, हे साध्या तराजूवरही कळते. समतोल साधल्यावर पारड्यांतल्या वस्तूंची अदलाबदल करावी. तरीही काटा मध्यावर राहिला, तर वजने सारखी आणि तराजूही ठीक.

काय टाळावे?

मासेमारीच्या गळाची शिशाची वजने स्वस्त आणि आटोपशीर असतात. पण शिसे विषारी असल्याने ती मुलांच्या हाती देऊ नयेत. लहान वर्गांत छर्रेही नकोत, गिळले जाण्याचा धोका असतो. घरगुती वजने फक्त शिकवण्यापुरती वापरावीत. दुकानातल्या व्यवहारासाठी वैध मापन कायद्यानुसार पडताळणीचा शिक्का असलेलीच वजने लागतात.

40 मुलांच्या वर्गात 5-5 जणांचे 8 गट केले आणि प्रत्येकाला 10 वॉशर दिले, तर 80 वॉशर पुरतात. मग शिक्षकांच्या टेबलावर लांबून पाहायचा प्रयोग प्रत्येक बाकावर होऊ शकतो.