निसणा कीं चाक ?

सुतारी हत्यारांस धार विजेच्या चाकावर लावावी कीं हातांतील निसण्यावर, हा वाद सुताराच्या पडवींतला. त्यास या पृष्ठांत स्थान कां, असें वाचक विचारतील. उत्तर असें कीं, चाक व निसणा समोरासमोर मांडणारें एक चित्र हजार वर्षांहून जुन्या पोथींत आहे. आणि ज्यांच्या संग्रहीं जुनीं हत्यारें किंवा कोरीव लांकडें आहेत, त्यांनीं या वादाचा निकाल चुकीचा लाविल्यास हातचा पुरावा नाहींसा होतो.

ही पोथी म्हणजे उट्रेख्ट येथील स्तोत्रसंहिता. ती फ्रान्सांत रॅंस शहराजवळ इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत तयार झाली. तींत लेखणीनें काढलेलीं १६६ चित्रें असून १७१६ पासून ती उट्रेख्टच्या विद्यापीठाकडे आहे. हिब्रू गणनेनें ६४ व्या स्तोत्रांत, दुर्जन आपली जीभ तरवारीसारखी पाजळतात, अशी उपमा आहे. चित्रकारानें ती शब्दशः घेतली. एका बाजूस वाकड्या दांड्यानें फिरविलेल्या चाकावर तरवारीस धार चालली आहे, दुसऱ्या बाजूस साध्या निसण्यावर.  लिन व्हाइट यांनीं असें दाखविलें कीं, चाक सज्जनांकडे आहे व निसणा दुर्जनांकडे. यावरून त्या काळचा मठवासी यंत्राकडे आदरानें पाहत होता, असें त्यांचें अनुमान. अनुमान चतुर आहे, पण दोन गट वेगळे दाखविण्याची सोय एवढाही हेतु असूं शकेल. यंत्र त्या काळीं ठाऊक होतें, इतकेंच आम्ही निश्चित धरितों.

आजचे जाणते कारागीर मात्र बहुधा उलट कौल देतात. कारण उष्णता. हातानें फिरणारें दगडी चाक सावकाश फिरतें व पाण्यानें ओलें ठेवतां येतें. विजेचें कोरडें चाक मिनिटास २,८०० च्या आसपास फेरे घेतें. पटाशीची पातळ कड क्षणांत तापते. साध्या पोलादाचा रंग सुमारें २३० अंशांवर पिंवळा व ३०० अंशांच्या सुमारास निळा होतो. निळा आला कीं लोहारानें दिलेलें पाणी उतरलें. मग धार दिसावयास तीक्ष्ण, पण टिकावयाची नाहीं. म्हणून खरा भेद यंत्र कीं हात हा नसून कोरडें जलद चाक कीं ओलें मंद चाक हा आहे. ओल्या चाकावर मोठी खांच काढून शेवटची धार निसण्यावर घ्यावी, ही रीत आम्हांस सयुक्तिक वाटते. (चाकांच्या घर्षकांपैकीं कॉरंडम हें नांव तमिळ कुरुंदम् यावरून आलें आहे, लाखेंत कुरुंदाची पूड कालवून केलेलीं चाकें आपल्या देशांत जुनींच.)

संग्राहकास यांत आणखी एक खूण सांपडते. चाकावर घांसलेला पटाशीचा उतार खोलगट होतो, निसण्यावरचा सपाट अथवा किंचित् फुगीर राहतो. परंतु खोलगट दिसला कीं हत्यार अर्वाचीन, असें म्हणूं नये. खळगा किती खोल तें मोजावें. उतार १२ मिलिमीटर रुंद असल्यास १५० मिलिमीटर व्यासाचें विजेचें चाक सुमारें पाव मिलिमीटर खळगा पाडतें. ६०० मिलिमीटरचें जुनें दगडी चाक त्याच्या चौथाईच. उतारावर सरळपट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिल्यास हा फरक कळतो.

याहून मोलाची खूण लांकडावर असते. धारेस खांच पडली असेल तर रंध्याच्या वा पटाशीच्या प्रत्येक चालींत तिची बारीक उंच रेघ उठते, आणि एकाच खांचेच्या रेघा दोन तुळयांवर जुळल्या तर त्या एकाच हत्यारानें, धार पुन्हां लावण्यापूर्वीं तासल्या असें अनुमान करितां येतें. आमच्या पाहण्यांत एक जुनी पटाशी आली. विक्रेत्यानें ती चकचकीत करण्यासाठीं विजेच्या चाकावर धरली होती. कड निळी, उतार नवा, खांचा सर्व गेलेल्या. ज्या घरांतून ती आली तेथील कोरीव खांब अद्याप उभे आहेत, पण त्यांच्याशीं ताडून पाहण्यास तिच्यावर आतां कांहीं उरलें नाहीं. अशीं हत्यारें हातीं आल्यास धार लावण्यापूर्वीं उताराचें माप, कडेचें जवळून घेतलेलें छायाचित्र व मेणावर ओढून घेतलेला धारेचा ठसा ठेवावा.